कनातीआडचे अकरा औट

औटवालीला नावानं हाक मारणारं माणूस गावात एकच उरलं होतं. तिचा थोरला भाऊ. तोही रागावला तरच. एरवी लहानथोर सगळे तिला औटवाली म्हणत, तोंडावर आक्का म्हणत, आणि तिला त्यात काही कमी वाटत नसे. ज्याला जे येतं त्यावरून त्याला ओळखावं, असं तिचं मत होतं. डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, मग औट करणारीला औटवाली का म्हणू नये?

औट म्हणजे आभाळात फुटणारा शोभेच्या दारूचा गोळा. कागदाच्या दोन वाट्या, त्यांच्या पोटात बोराएवढे तारे, मधोमध फोडणारी दारू, आणि वरून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चौदा थर, खळीनं चिकटवलेले. वाळूत पुरलेल्या लोखंडी नळात तो सोडायचा, बत्ती द्यायची आणि पाठ फिरवायची. गोळा वर जातो तोवर आतली वात जळत असते. ती संपली की तारे उधळतात. सगळी करामत त्या आतल्या वातीत. लांब झाली तर गोळा परतीच्या वाटेवर फुटतो, आखूड झाली तर वर पोचायच्या आधीच.

वात बोटाच्या पेरावर मोजायची, ही तिच्या वडिलांची रीत. पण एका हिवाळ्यात वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि मोजायला मापच उरलं नाही; डाव्या पेरावर वात धरायला उजवा हात लागतो. फूटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. दमट हवेत वात फुगते, बोटही फुगतं, फूटपट्टी मात्र कोरडीच राहते, असं ते म्हणत. त्यांनी आधी मुलाचा हात मागितला. मुलगा सोळा वर्षांचा. त्यानं एकदा बापाच्या हाताकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि त्याच आठवड्यात तो घड्याळं दुरुस्त करायला शिकायला गेला. मग मुलीचा हात आला. ती बारा वर्षांची होती. वडिलांनी तिचं मधलं बोट खिडकीजवळच्या उजेडात धरलं, पेराला दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल. हे फार वाढायचं नाही."

ते बोट खरंच फार वाढलं नाही. पुढं चाळीस वर्षं, मधली सहा सोडली तर, गावावर जे जे फुटलं ते त्या बोटाच्या मापानं फुटलं.

ती सहा वर्षं ती गावात नव्हती. लग्न झालं, नवरा चांगला होता, तापानं गेला. ती परत आली ती घरात न शिरता सरळ मागच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीकडे गेली, पिशवी काखेला तशीच, आणि गंधकाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "ओल लागू दिलीत," ती वडिलांना म्हणाली. घरच्यांनी तिचं रडणं पाहिलं ते तेवढंच.

घरापासून तीनशे पावलांवर ती खोली. आत एकही लोखंडी खिळा नाही. भिंतीला लाकडी खुंट्या, कापायला तांब्याची सुरी, ठोकायला लाकडी हातोडी. आढ्याला दोऱ्या बांधून त्यांवर वाळत टांगलेले गोळे. वाऱ्यानं ते एकमेकांना न लागता हलत, इतकं त्यांतलं अंतर नेमकं. आत जाताना चपला बाहेर, बांगड्या बाहेर, आणि वहिनी म्हणायची तसं, तोंडसुद्धा बाहेर. आत कोणी बोललेलं तिला खपत नसे.

एक गोष्ट लोकांना पटायची नाही. तिनं आपला एकही औट फुटताना नीट पाहिलेला नव्हता. एक सुटला की दुसऱ्याची बत्ती, दुसरा सुटला की तिसऱ्याची; वर बघणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधारी येते आणि अंधारी आलेल्याची बोटं जातात, हे तिला घरातच शिकायला मिळालं होतं. तिला कळायचं ते जमिनीवरून. वाळू हिरवी झाली की हिरवा नीट फुटला. हातांवर तांबडं चढलं आणि हळूहळू उतरलं की तारे शेवटपर्यंत जळले. बाकीचं ती दुसऱ्या दिवशी बाजारात ऐकायची. सकाळी पिशवी घेऊन निघायची, काही घ्यायचं नसलं तरी दोन रस्ते फिरायची, आणि लोक काय बोलतात ते कानावर घेऊन घरी यायची.

असंच एकदा किराणावाल्यानं साखर तोलता तोलता तिला सांगितलं होतं, "आक्का, काल डोळ्यांचं पारणं फिटलं. आणि तेही फुकटात!"

तो भल्या मनानं बोलला. पण तो शेवटचा शब्द तिच्या पायात काट्यासारखा मोडला आणि आतच राहिला.

गावात आतषबाजी व्हायची ती वर्षातून एकदा. नदीवरचा पूल ज्या दिवशी खुला झाला, त्या दिवशी संध्याकाळी पालिका नदीकाठच्या मैदानावर औट उडवायची. पैसे पालिका द्यायची, बघायचं सगळ्यांनी. मग पालिकेनं हात वर केले. एक वर्ष आभाळ रिकामंच राहिलं. ते औटवालीच्या नुसतं मनाला लागलं नाही, तिच्या परवान्यावर आलं. नियम असा होता की दारूकाम करणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी लोकांसमोर अकरा औट उडवायचे आणि आयोजकाच्या सहीचा कागद परवान्याच्या कचेरीत नेऊन द्यायचा. चुकलेल्या वर्षाची कचेरीनं सूट दिली आणि वर लिहून कळवलं की दुसरी सूट मिळणार नाही. परवाना एकदा गेला की नवा मिळतो तो फक्त कारखान्यांना. म्हणजे यंदा पुलाच्या दिवशी अकरा औट उडाले नाहीत तर पत्र्याच्या खोलीला कुलूप, आणि ते कायमचं.

पाच जणांची एक समिती झाली. तिचे चिटणीस शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते; त्यांना अजून सगळे सर म्हणत. सरांनी सभेत विचारलं, पैसा कुठून आणायचा? तेव्हा मागच्या बाकावरून औटवाली उभी राहिली.

"तिकीट लावा," ती म्हणाली. "सिनेमाला पैसे देता, सर्कशीला देता. माझ्याच वेळी लोकांचे खिसे शिवलेले असतात का?"

सभा हसली, पण ठराव झाला.

घरी जेवताना दादानं विषय काढला. दादाचं बाजारात घड्याळाचं दुकान होतं.

"सिनेमा चार भिंतींत असतो. आभाळाला दार कुठं लावणार तू?"

"दार कशाला? ज्यानं बघितलं त्यानं द्यावेत."

"माझ्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण मान वळवून वेळ बघतो. उद्या त्यांच्याकडे मागू का, वेळ बघितली, काढा पैसे?"

"वेळ तू बनवलेली नाहीस, दादा. औट मी बनवते."

"अगं पण ज्याच्याकडे नाहीत त्यानं काय डोळे मिटून घ्यायचे?"

"ज्याच्याकडे नाहीत त्याचं मी बोलत नाही. ज्याच्याकडे असून तो फुकटात म्हणतो, त्याचं बोलते."

"आणि तो ओळखायचा कसा? कपाळावर लिहिलेलं असतं?"

वहिनीनं दोघांच्या ताटांत भाजी वाढली. "वन्सं, मी काढीन तिकीट," ती म्हणाली. "पुढच्या रांगेचं. माझ्या शिवणाच्या पैशांतून. म्हणजे निदान जेवताना तरी गप्प बसाल."

चारशे खुर्च्यांची तिकिटं छापली. पंधरवड्यात चाळीसच्या आत खपली. गावातल्या प्रत्येकाला एक तर स्वतःची गच्ची होती नाही तर गच्ची असलेला मेहुणा होता. चौकातल्या चहावाल्यानं पाटी लावली: 'गच्चीवरून आतषबाजी. चहा घेणाऱ्यास बघणे फुकट.' औटवालीनं ती पाटी वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच सरांकडे गेली. समितीतल्या कोणीतरी मैदानाला कनात लावायची गोष्ट आदल्या सभेत काढली होती आणि ती मागं पडली होती. औटवालीनं ती पुढं आणली.

मांडववाल्याला बोलावलं. तो इतका उंच होता की गाव त्याला शिडी म्हणायचं, आणि त्याच्या बायकोलाही लोक विचारायचे, "शिडी घरात आहे का, की कुठं लावून ठेवलीय?" शिडीनं वीस फूट उंच काळ्या कापडाचा हिशेब दिला. रस्त्याकडची बाजू, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या बाजू. चौथी नदीकडची, ती मोकळी.

मग सरांच्या खरी अडचण लक्षात आली. ते चालत पत्र्याच्या खोलीपर्यंत आले, जोडे काढले आणि दारातच उभे राहिले.

"बाई, कनात वीस फूट आणि औट तर पुलाच्याही वर जाणार. ते जरा खाली फोडता येतील का? कनातीच्या आत?"

औटवालीनं हातातली वात खाली ठेवली आणि बाहेर येऊन बोलली.

"सर, वीस फुटांवर औट फुटला तर बघायला कोणी उरत नाही. तिकीटवालाही नाही आणि फुकट्याही नाही."

"मग?"

"मग भुईवरचं काम करते. भुईनळे, चक्रं आणि शेवटी पूल. बांबूच्या चौकटीवर अख्खा पूल उभा करते, कमानींसकट, आगीच्या रेघांनी. तो कनातीच्या आतच दिसेल. ज्यानं पैसे दिले त्यालाच. औट फक्त अकरा, परवान्यापुरते, सगळ्यांत शेवटी. ते दिसतील त्यांना दिसोत."

सरांचं समाधान झालं. समितीनं करार लिहिला. त्यात एक अट घातली: कार्यक्रम संपेपर्यंत कनात खाली घ्यायची नाही. औटवालीनं सही केली.

तिनं त्या पुलावर दोन महिने काम केलं. पस्तीस फूट लांबीची चौकट, नऊ कमानी, आणि करंगळीएवढ्या सहाशे नळ्या, प्रत्येकीत भरलेलं पांढरं तेज. तिनं आजवर केलेल्या कामात हे सगळ्यांत मोठं, आणि पहिल्यांदाच असं की जे बघायचं तिकीट काढून. खपही वाढला. कनात येणार हे कळल्यावर दोनशेचाळीस तिकिटं गेली.

दोन दिवस उरले असताना बातमी आली की होडीवाले होड्यांत फळ्या टाकून माणसं बसवणार आहेत आणि नदीतून कार्यक्रम दाखवणार आहेत. होडीचं भाडं तिकिटाच्या निम्मं.

"नदीकडची बाजूही बांध," औटवाली शिडीला म्हणाली.

शिडीनं मान वर करून चारी बाजू पाहिल्या. त्याला वर बघायची फार गरज पडत नसे, म्हणून तो बघायला लागला की लोक थांबत. "आक्का, वारा नदीकडून येतो. चारही अंगांनी बांधलं तर तो आत यायचा कुठून?"

"तुला कापडाचे पैसे मिळतात की वाऱ्याचे?"

"कापडाचे."

"मग कापड बांध."

चाळीस वर्षं कुठल्याही मैदानावर पाय ठेवताना तिनं आधी वारा पाहिला होता. थुंकी लावलेलं बोट वर धरायचं, वाळूची चिमूट सोडायची, मगच नळ पुरायचे. त्या दिवशीही तिनं बोट वर धरलं. पण बोट सांगत होतं ते तिनं ऐकलं नाही. तिचं लक्ष नदीतल्या होड्यांकडे होतं.

पुलाच्या दिवशी दिवस मावळता मावळता दार उघडलं. लोक तिकीट दाखवून आत आले, खुर्च्या पुसून बसले. वहिनी पुढच्या रांगेत, नवी साडी नेसून, मांडीवर पिशवी घट्ट धरून. दादा आला नव्हता. तो रस्त्यापलीकडच्या कठड्यावर बसला होता, आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला गाव बसलं होतं. दीड-दोन हजार माणसं, पाय लोंबकळत सोडून, कनातीच्या काळ्या कापडाकडे बघत. काही बघण्यासारखं नव्हतं. तरी कोणी उठत नव्हतं. उरलेलं गाव पुलावर आणि गच्च्यांवर होतं.

मैदानाच्या नदीकडच्या टोकाला औटवाली, रस्त्याकडच्या टोकाला खुर्च्या, मध्ये जाड दोर. दोराच्या अलीकडे प्रेक्षक आला तर काम थांबवायचं, असा परवान्याचा नियम.

नळे चांगले झाले. सोन्याची झाडं वर आली, वाकली, विझली. टाळ्या पडल्या. चक्रं फिरली तेव्हा टाळ्या जरा कमी पडल्या आणि खोकले जास्त. औटवालीनं ते ऐकलं, पण पुलाची बत्ती तिच्या हातात होती. सहाशे नळ्या एका मागोमाग पेटत गेल्या, पहिली कमान, दुसरी, तिसरी. नवव्या कमानीपर्यंत पोचायला आगीला अर्धं मिनिट लागलं. चौकटीच्या मागं उभं राहून तिला जे दिसलं ते असं: पूल पेटला होता आणि त्याच्या पुढं कोणीच नव्हतं. खुर्च्या नव्हत्या, माणसं नव्हती. दुधासारखा धूर होता, कापडापासून कापडापर्यंत, आणि तो हलत नव्हता.

धुरातून आवाज येत होते.

"काय चाललंय? पेटलं का काही?"

"पूल आहे म्हणे."

"कुठाय?"

"असेल इकडंच कुठंतरी. हात लावून बघ."

"धूर बघायला पैसे घेतले होय यांनी? आमच्या चुलीपुढं याहून चांगला निघतो!"

पूल विझला. कोणी टाळी वाजवली नाही. टाळी कधी वाजवायची हेच कोणाला कळलं नाही.

राहिले होते अकरा औट. तिनं पहिल्याला बत्ती दिली, पाठ फिरवली आणि सवयीनं वाळूकडे पाहिलं. गोळा सुटला, वर गेला, धडाका झाला. वाळूवर रंग पडला नाही. ती तशीच राखाडी राहिली. खुर्च्यांकडून खोकल्याशिवाय काही आलं नाही. आणि मग कापडाच्या पलीकडून, कठड्यावरून, पुलावरून, गच्च्यांवरून एकच आवाज उठला, दोन-तीन हजार गळ्यांतला, लांबलचक "आऽऽऽ!"

औट धुराच्या वर फुटला होता. बाहेरच्या सगळ्यांनी तो पाहिला. तिकीट काढलेल्या दोनशेचाळीस जणांनी नाही.

औटवाली दुसऱ्या नळापाशी गेली आणि थांबली.

सर तोंडाला रुमाल धरून दोराच्या कडेकडेनं तिच्यापर्यंत आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "बाई, थांबू नका. दहा राहिलेत. उडवून टाका. अकरा झाले की मी इथंच कागदावर सही करतो."

"आतल्यांना दिसत नाहीये, सर."

"कागदावर आतल्यांना दिसलं का असा प्रश्न नाही. अकरा उडाले का, एवढंच आहे. लोकांचं मी बघतो. तुमचा परवाना वाचू दे."

ते खरं होतं. दहा बत्त्या, पाच मिनिटं, आणि पत्र्याची खोली तिची राहिली असती. उलट कनात सोडली तर करार मोडणार. बाहेरचे दोन हजार लोक मोकळं झालेलं मैदान बघून आत घुसणार, दोर ओलांडणार, आणि दोर ओलांडला की काम बंद. मग अकराच्या जागी एक. हे सगळं तिला सरांइतकंच कळत होतं. ती बत्ती हातात धरून तेवढा वेळ उभी राहिली, जेवढ्या वेळात चार पेरांची वात जळते.

मग तिनं हाक मारली. "शिडी!"

शिडी धुरातून आला, आधी डोकं आणि मग बाकीचा.

"नदीकडची सोड. आणि तिच्या समोरची, रस्त्याकडची."

"सरांना विचारू का?"

"सर इथंच आहेत. पण मी सांगतेय."

शिडीनं सरांकडे पाहिलं. सरांनी रुमाल तोंडावरून काढला नाही. शिडी गेला.

आधी नदीकडचं कापड पडलं, एका बाजूनं, सळसळत. मग रस्त्याकडचं. नदीवरचा वारा आत आला. धूर लगेच उठला नाही. बसलेली म्हैस उठताना आधी मागचा भाग उचलते तसा तो आधी कडेनं सुटला, मग मधून हलला, आणि मग एकदम खुर्च्यांवरून, रस्त्यावरून, कठड्यावर बसलेल्या सगळ्या गावाच्या तोंडावरून पलीकडे निघून गेला. कठडाभर खोकल्यांची लाट आली. खुर्च्यांवरचे लोक मागं वळून ते बघत होते. काहींना ते त्या संध्याकाळचं पहिलं चांगलं दृश्य वाटलं.

कठड्यावरची माणसं उतरायला लागली. पन्नास-एक रस्ता ओलांडून खुर्च्यांपर्यंत आलेही. तेव्हा सर धावले. सत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही हात पसरून, वर्गात वापरायच्या आवाजात ओरडत:

"जो जिथं आहे तो तिथं खाली बसेल! खाली बसा म्हणतोय ना! मागची रांग, तुम्हाला वेगळं सांगू?"

त्या गर्दीतले निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. ते बसले. निम्मे बसले म्हणून बाकीचेही बसले. रस्त्यावर, धुळीत, खुर्च्यांच्या मधल्या वाटांत. दोराच्या अलीकडे कोणी आलं नाही.

औटवालीनं दुसऱ्या औटाला बत्ती दिली. वाळू हिरवी झाली. तिसऱ्याला ती तांबडी झाली, पाचव्याला निळसर, सातव्याला सोनेरी, आणि तो सोनेरी रंग वाळूवरून उतरायला बराच वेळ लागला. आठव्याला तिच्या हाताला चटका बसला. अकरावा सुटला तेव्हा तिनं काम संपल्याची खूण म्हणून पाय वाळूवर आपटला, जसे तिचे वडील आपटायचे, आणि नळांवर ओली पोती टाकायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. वहिनी गेली आणि सगळं ऐकून आली.

"एक म्हणतो पैसे परत द्या, धूर खाल्ला. दुसरा म्हणतो राहू द्या, शेवटचे दहा पैसावसूल होते. किराणावाला म्हणतो, मी कठड्यावर होतो, मला अकराच्या अकरा दिसले, आणि वर धूरही मिळाला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मी पुढच्या रांगेत होते. मला पूल दिसला."

"दिसला?"

"नाही, वन्सं. पण त्याला कशाला सांगू?"

दुपारी सर पत्र्याच्या खोलीपाशी आले. जोडे काढून दारात उभे राहिले, तशी ती बाहेर आली. त्यांच्या हातात दोन कागद होते.

"समितीत तिघं रागावलेत," ते म्हणाले. "करारात अट होती. पण त्यांनी एक वाट काढलीय. तुम्ही एवढंच लिहून द्या की कनात सोडली नव्हती, गाठी आपोआप सुटल्या. मग दोष मांडववाल्याचा. त्याच्या बिलातून कापू, तुमचं मानधन तुम्हाला मिळेल."

"शिडीची गाठ आजवर कधी आपोआप सुटलीय का, सर?"

"नाही."

"मग लिहा, मी सोडायला सांगितली. आणि हेही लिहा की चौथी बाजू बांधायलाही मीच सांगितली. त्यानं विचारलं होतं, वारा कुठून येणार. मी त्याला गप्प केलं."

"मानधन अडकेल, बाई. सगळंच."

"अडकू दे."

सरांनी आत गोळ्यांच्या रिकाम्या दोऱ्यांकडे पाहिलं. "मी रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कनात नको. खुर्च्यांचं तिकीट ठेवू. बसून बघायचं त्यानं पैसे द्यावेत, उभं राहून बघणाऱ्याला मोकळं. कोणाचीच तक्रार राहणार नाही."

"म्हणजे पैसे खुर्चीचे."

"खुर्चीचे."

"खुर्ची मी बनवत नाही, सर."

"मग तुमचं म्हणणं काय? तिकीट हवं की नको?"

"हवं. काल सकाळी हवं होतं तसंच आजही हवं. फक्त ते घ्यायचं कसं, ते मला कळत नाही. कळलं असतं तर मी चिटणीस झाले असते आणि तुम्ही दारू कुटली असती."

सर हसले, मग हसायचे थांबले. पहिला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. दुसरा उंबऱ्यावर बसून गुडघ्यावर ठेवला. तो कचेरीचा छापील कागद होता आणि त्यावर चार प्रश्न होते. किती औट उडवले? कोणाला इजा झाली का? काही जळलं का? प्रेक्षक दोराच्या बाहेर होते का? कनातीचा प्रश्न कुठंच नव्हता. सरांनी चारही उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली सही केली, आणि समितीला काय सांगायचं ते घरी जाईपर्यंत सुचेल असं म्हणून जोडे घातले.

जेवताना वहिनी म्हणाली, "म्हणजे शेवटी तुमचं सगळं काम फुकटातच झालं की, वन्सं." दादानं मान खाली घालून जेवण चालू ठेवलं. औटवाली पाणी प्यायली आणि ताट उचलून उठली.

आठवड्यानं ती बसनं कचेरीत गेली. खिडकीपुढं रांग होती. पुढं विहिरींना सुरुंग लावणारे दोघं, मागं एक बंदुकीचा परवानावाला. कारकुनानं तिचा कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गोष्ट तिथवर पोचली होती.

"तिकीट लावलं होतं म्हणे तुम्ही लोकांनी."

"लावलं होतं."

"किती खपली?"

"दोनशेचाळीस."

"आणि बघितलं किती जणांनी?"

"पहिला औट बाहेरच्यांनी बघितला. पुढचे दहा सगळ्यांनी."

"मग ज्यांनी पैसे दिले, त्यांना एक कमीच दिसला की." कारकून मान हलवत म्हणाला. "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"त्याला रकाना आहे का?"

"नाही."

"मग माझं काम करा."

त्यानं 'उडवलेल्या औटांची संख्या' या शब्दांपुढं अकरा लिहिलं, शिक्का शाईच्या डबीत दाबला, परवान्यावर दाबला, फुंकर मारून शाई वाळवली आणि पुढच्या माणसाला हात केला. औटवाली खिडकीपासून बाजूला झाली. परवाना वाचून, तारीख तपासून तिनं तो पिशवीत घातला आणि गंधकाचं दुकान बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून भराभर जिना उतरली.